विश्लेषण : धरणे भरली तरी पुण्याच्या उपनगरांत टँकर का?

जुलै-ऑगस्टमध्ये खडकवासल्यातून मुठेत विसर्ग सुरू होतो, भिडे पूल पाण्याखाली जातो आणि ‘पुणेकरांची वर्षभराची चिंता मिटली’ अशी बातमी येते. त्याच आठवड्यात वाघोली, धायरी, आंबेगाव, सूस-म्हाळुंगे या भागांतील सोसायट्यांच्या फाटकाशी टँकर उभे असतात. पुढे हिवाळ्यात कालवा सल्लागार समितीची बैठक होते. शहर जास्त पाणी मागते, दौंड-इंदापूरचे शेतकरी आवर्तन मागतात आणि दोघेही नाराज होऊन परततात. मग नवीन धरणाचे पाणी आणण्याची चर्चा सुरू होते. पण वाढत्या पुण्याला खरोखर कमी काय आहे, पाणी की पाण्याचा हिशेब?

पुण्याकडे पाणी आहे किती?

शहराची मुख्य भिस्त खडकवासला साखळीतील चार धरणांवर आहे. त्यांची उपयुक्त साठवण क्षमता अशी : वरसगाव १२.८२ टीएमसी, पानशेत १०.६५ टीएमसी, टेमघर ३.७१ टीएमसी आणि खडकवासला १.९७ टीएमसी. एकूण २९.१५ टीएमसी. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, सुमारे २,८३२ कोटी लिटर पाणी. शहराच्या पूर्व भागासाठी २०२१ पासून भामा आसखेड धरणातून २.६४ टीएमसीची योजना सुरू झाली. थोडे पाणी पवना नदीतूनही येते.

हे पाणी एकट्या पुण्याचे नाही. खडकवासल्यातून निघणारा नवा मुठा उजवा कालवा हवेली, दौंड आणि इंदापूर तालुक्यांना पाणी देतो. शेतीबरोबरच दौंड शहर आणि वाटेतल्या अनेक गावांच्या पिण्याच्या योजना याच कालव्यावर आहेत. खडकवासला धरण १८७० च्या दशकात बांधले गेले ते शेती आणि पुण्याची लष्करी छावणी यांची तहान डोळ्यासमोर ठेवून. तेव्हा शहर नदीकाठच्या पेठांपुरते होते. आज महापालिकेची हद्द पाचशे चौरस किलोमीटरच्या आसपास गेली आहे. मुख्य भिस्त मात्र याच चार धरणांवर आहे.

शहर घेते किती आणि लागते किती?

शहराची वार्षिक उचल गेल्या काही वर्षांत २० टीएमसीच्या पुढे गेली आहे. महापालिका आपल्या वार्षिक पाणी अंदाजपत्रकात २१ टीएमसीच्या आसपास मागणी करते. जलसंपदा विभाग लोकसंख्या आणि निकष लावून त्यापेक्षा बरेच कमी, साधारण १४-१५ टीएमसी पाणी मंजूर करतो. जादा उचलीवर दंडात्मक आकारणी होते, थकबाकीवरून पत्रव्यवहार होतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच घडते.

हिशेब आपणही करून पाहू. केंद्र सरकारच्या नियमावलीनुसार भुयारी गटारे असलेल्या शहरांसाठी दरडोई दररोज १३५ लिटर आणि मोठ्या महानगरांसाठी १५० लिटर हा निकष आहे. वाहतुकीतील नुकसान १५ टक्क्यांपर्यंत धरले जाते. पुण्याची लोकसंख्या ७० लाख मानली, वरचा म्हणजे १५० लिटरचा निकष लावला आणि १५ टक्के नुकसान जोडले, तर गरज येते दररोज सुमारे १२१ कोटी लिटर. वर्षाला साडेपंधरा टीएमसी. लोकसंख्या ८० लाख धरली तरी आकडा १८ टीएमसीच्या आत राहतो.

आता प्रत्यक्ष उचल पाहा. फक्त २० टीएमसी धरले तरी दररोज सुमारे १५५ कोटी लिटर होतात. ७० लाख लोकांना वाटले तर दरडोई २२१ लिटर. चार जणांच्या घराला जवळपास नऊशे लिटर, म्हणजे गच्चीवरची हजार लिटरची टाकी रोज जवळजवळ भरायला हवी. धायरीतल्या किंवा वाघोलीतल्या रहिवाशाला हा आकडा सांगून पाहा, तो हसेल.

यावर महापालिकेची बाजूही आहे. शहरात शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी येणाऱ्यांची संख्या मोठी आहे. रुग्णालये, हॉटेले, आयटी कंपन्या, वसतिगृहे यांना पाणी लागते. ते दरडोई निकषात पूर्णपणे मावत नाही. हे मान्य केले तरी निकष आणि उचल यांतील दरी त्यातून भरून निघत नाही.

मग लोकसंख्येवरूनच वाद का?

कारण शहरात नेमके किती लोक राहतात, याची अधिकृत मोजणी २०११ नंतर झालेलीच नाही. त्या जनगणनेत महापालिका हद्दीची लोकसंख्या ३१ लाख २४ हजार होती. त्यानंतर ऑक्टोबर २०१७ मध्ये ११ गावे आणि २०२१ मध्ये आणखी २३ गावे हद्दीत आली. पुढे उरुळी देवाची आणि फुरसुंगी ही दोन गावे वेगळी काढण्यात आली. मधल्या काळात हिंजवडी, खराडी, मगरपट्टा या आयटी पट्ट्यांभोवती नवी वस्ती उभी राहिली. महापालिका एक अंदाज मांडते, जलसंपदा विभाग दुसरा. दहा लाख लोकसंख्येचा फरक म्हणजे वरच्या निकषाने सव्वादोन टीएमसीचा फरक, जवळपास एका भामा आसखेड योजनेएवढा. २०२७ च्या जनगणनेचे आकडे आले की या वादाचा एक पाय निखळेल. पण दुसरा पाय तसाच राहील. तो आहे गळतीचा.

पाणी जाते कुठे?

महापालिका स्वतःच ३५ ते ४० टक्के पाण्याचा हिशेब लागत नसल्याचे मान्य करते. याला सरसकट ‘गळती’ म्हटले जाते, पण त्यात तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली, जुन्या जलवाहिन्यांतून आणि जोडांतून खरोखर जमिनीत मुरणारे पाणी. दुसरी, अनधिकृत नळजोडांतून जाणारे पाणी. तिसरी, अधिकृत ग्राहकाने वापरलेले, पण मीटर नसल्याने न मोजलेले पाणी.

हा फरक महत्त्वाचा आहे. जमिनीत मुरणारे पाणी वाचवले तर ते शहराला परत मिळते. अनधिकृत जोडातून जाणारे पाणी मात्र कुणीतरी पितच असते. तो जोड नियमित केला तर महसूल वाढेल, पाणी तेवढेच लागेल. त्यामुळे ‘गळती थांबवली की सगळे ४० टक्के पाणी वाचेल’ हे म्हणणे बरोबर नाही. पण यातला कोणता भाग किती, हे सांगता येत नाही. कारण मोजलेलेच नाही.

आकड्यांचे वजन पाहू. २० टीएमसीचे ४० टक्के म्हणजे ८ टीएमसी. खडकवासला आणि टेमघर ही दोन धरणे काठोकाठ भरली तरी त्यांत पावणेसहा टीएमसी पाणी मावते. हे नुकसान निकषात बसणाऱ्या १५ टक्क्यांवर आणता आले, तर वर्षाला सुमारे ५ टीएमसी पाणी हिशेबात येईल. पुण्यासाठी मुळशी धरणातून जे पाणी मागितले जात आहे, त्याचा आकडाही नेमका पाच टीएमसीच आहे.

टँकरने येते ते पाणी किती?

महापालिकेच्या नोंदीतील टँकरच्या फेऱ्या अलीकडे वर्षाला चार लाखांच्या पुढे गेल्या आहेत. प्रत्येक टँकर दहा हजार लिटरचा धरला, तर चार लाख फेऱ्यांचे पाणी होते ४०० कोटी लिटर, म्हणजे ०.१४ टीएमसी. शहराच्या एकूण उचलीच्या एक टक्काही नाही. हिशेबाबाहेर जाणारे पाणी याच्या पन्नास पटींहून अधिक आहे.

यात विहिरी आणि बोअरवेलवर भरून नोंदीशिवाय फिरणारे खासगी टँकर नाहीत. ते धरले तर आकडा बराच वाढेल. तरीही चित्र उलटणार नाही. ज्या टंचाईपायी हजारो कुटुंबे दरमहा देखभाल शुल्काबरोबर टँकरचे पैसे भरतात, ती टंचाई धरणातल्या पाण्याच्या मानाने लहान आहे. पाणी शहरात येते. ते ज्या टोकाला पोहोचायला हवे, तिथे पोहोचत नाही.

टोकालाच पाणी का पोहोचत नाही?

पुण्याचे वितरण जाळे पेठा आणि जुन्या उपनगरांसाठी आखलेले आहे. त्यालाच फाटे फोडत शहर वाढले. पाणी ठरावीक तास सोडले जाते. जलशुद्धीकरण केंद्राजवळच्या किंवा सखल भागात दाब भरपूर असतो, तिथे टाक्या भरून वाहतात. उंचावर आणि शेवटच्या टोकाला दाब पोहोचेपर्यंत पाण्याची वेळ संपते. मग तिथले रहिवासी थेट जलवाहिनीला मोटर लावतात आणि शेजाऱ्याचा दाब आणखी कमी होतो.

ठरावीक तास पाणी सोडण्याचा दुसरा तोटा आरोग्याचा आहे. पाणी बंद झाले की वाहिनीतला दाब उतरतो. तडा गेलेल्या जागी आजूबाजूचे सांडपाणी आत खेचले जाते आणि पुढच्या पाळीत ते नळातून बाहेर येते. ‘पहिली दहा मिनिटे गढूळ पाणी’ ही तक्रार बहुतेक यातूनच जन्मते.

चोवीस तास पाणी योजना कुठे अडली?

यावरचा उपाय म्हणून समान पाणीपुरवठा योजना आखली गेली. शहराचे १४१ विभाग, ८० हून अधिक साठवण टाक्या, दीड हजार किलोमीटरहून अधिक नव्या जलवाहिन्या आणि तीन लाखांच्या आसपास मीटर असा तिचा आराखडा. निधीसाठी महापालिकेने जून २०१७ मध्ये २०० कोटी रुपयांचे कर्जरोखे मुंबई शेअर बाजारात आणले. त्याची देशभर चर्चा झाली. मात्र ठरलेली मुदत उलटून गेली. कुठे टाकीला जागा मिळाली नाही, कुठे रस्ताखोदाईला परवानगी मिळाली नाही, तर कुठे मीटर बसवायला विरोध झाला.

योजनेचे नाव ‘चोवीस तास पाणी’ असले तरी तिचा गाभा मोजणीत आहे. एका विभागाच्या टाकीतून किती पाणी निघाले आणि त्या विभागातल्या सर्व मीटरवर मिळून किती नोंदले गेले, यातला फरक म्हणजे त्या विभागाचे नुकसान. तो फरक दिसला की कोणत्या रस्त्याखाली गळती शोधायची, हे ठरवता येते. त्यासाठी दोन्ही टोकांना मीटर हवेत आणि ते वाचले जायला हवेत.

दीड लाखाहून अधिक मीटर बसले आहेत. पण घरगुती पाणीपट्टी अजूनही मिळकतीच्या करपात्र मूल्यावर ठरते, वापरावर नाही. त्यामुळे दिवसाला पाचशे लिटर वापरणारे कुटुंब आणि गाड्या-अंगण धुऊन दोन हजार लिटर वापरणारे कुटुंब यांना फरक जाणवत नाही. मीटरवर बिल देणे राजकीयदृष्ट्या अवघड आहे. मार्च २०२२ पासून जवळपास चार वर्षे महापालिकेत लोकनियुक्त सभागृह नव्हते, तेव्हाही हा निर्णय झाला नाही.

हे महाराष्ट्रात जमूच शकत नाही, असे नाही. सातारा जिल्ह्यात कराडजवळच्या मलकापूरने सुमारे पंधरा वर्षांपूर्वी चोवीस तास मीटरने पाणी सुरू केले. कमी वापराला कमी दर आणि जास्त वापराला चढा दर ठेवला. मलकापूर लहान आहे, पुण्याशी त्याची थेट तुलना होत नाही. पण पुण्याचा एकेक विभाग साधारण एका मलकापूरएवढाच आहे. १४१ विभाग एकदम नको, दहा-दहा विभाग पूर्ण करत जाता येईल.

नवे पाणी आणले तर?

प्रत्येक नव्या पाण्यामागे कुणाचे तरी जुने पाणी असते. भामा आसखेडच्या जलवाहिनीचे काम पुनर्वसन न झालेल्या धरणग्रस्तांच्या आंदोलनामुळे अनेक वर्षे रखडले. पवना धरणातून पिंपरी-चिंचवडला बंद जलवाहिनीने पाणी नेण्याला मावळच्या शेतकऱ्यांनी विरोध केला. ९ ऑगस्ट २०११ रोजी द्रुतगती मार्गावरील आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी मृत्युमुखी पडले. ही योजना वर्षानुवर्षे थांबली आणि पिंपरी-चिंचवड नोव्हेंबर २०१९ पासून एक दिवसाआड पाण्यावर आहे.

मुळशीचे पाणी तर शंभर वर्षांपूर्वी जमिनी गेलेल्या गावांच्या आठवणीशी जोडलेले आहे. सेनापती बापटांचा मुळशी सत्याग्रह याच धरणाविरुद्ध होता. तिथले पाणी वीजनिर्मितीसाठी कोकणात उतरते. ते पूर्वेकडे वळवावे ही मागणी चुकीची नाही, पण करार, वीज आणि खाली कोकणात त्या पाण्यावर अवलंबून असलेल्यांचा प्रश्न सुटायला वेळ लागणार.

जवळचा एक पर्याय कालव्याचाच आहे. खडकवासला ते फुरसुंगी हा कालव्याचा टप्पा शहरातून उघड्यावर जातो. तिथे पाझर, बाष्पीभवन आणि चोरी होते. शिवाय धोका आहे तो वेगळाच. २७ सप्टेंबर २०१८ रोजी दांडेकर पुलाजवळ कालव्याची भिंत फुटून शेकडो घरांत पाणी शिरले होते. या टप्प्याला बोगद्याचा पर्याय पुढे आला असून त्यातून दोन टीएमसीहून अधिक पाणी वाचेल, असा अंदाज आहे. इथे कुणाचे गाव बुडवायचे नाही. पण वाचलेले पाणी शहराचे की शेतीचे, हे आधी लेखी ठरायला हवे. नाहीतर बोगद्यावरूनही तोच वाद होईल.

सांडपाण्याचा यात काय संबंध?

सर्वांत मोठा आणि सर्वांत कमी बोलला जाणारा संबंध. शहराने शेतीच्या वाट्याचे पाणी घ्यायचे आणि त्या बदल्यात वर्षाला साडेसहा टीएमसी प्रक्रिया केलेले पाणी मुंढवा येथील जॅकवेलमधून बेबी कालव्यात सोडायचे, असा करार आहे. साडेसहा टीएमसी म्हणजे दररोज सुमारे ५०० एमएलडी. एक एमएलडी म्हणजे दहा लाख लिटर. शहरातील जुन्या मैलापाणी शुद्धीकरण केंद्रांची क्षमता ४७७ एमएलडी आहे. ती पूर्ण क्षमतेने आणि वर्षाचे ३६५ दिवस चालली तरी कराराचा आकडा गाठणे कठीण आहे. पाण्याच्या दर्जाबद्दल शेतकऱ्यांच्या तक्रारी आहेतच.

जपानच्या जायका संस्थेच्या अर्थसाह्याने ३९६ एमएलडीची ११ नवी केंद्रे उभारण्याचा करार झाला. प्रत्यक्ष कामाला २०२२ उजाडले. मधल्या वर्षांत वाढलेल्या शहराचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि तिथून उजनीत गेले. उजनीतून सोलापूर पाणी पिते. पुण्याने प्रक्रिया न करता सोडलेले पाणी शेवटी दुसऱ्या शहराच्या नळाला येते, हे पुण्यातल्या चर्चेत फारसे येत नाही.

प्रक्रिया केलेल्या पाण्याला गिऱ्हाईक मिळू शकते, हे नागपूरने दाखवले आहे. तिथले सांडपाणी शुद्ध करून कोराडी आणि खापरखेडा वीजकेंद्रांना दिले जाते आणि तेवढे धरणातले पाणी पिण्यासाठी मोकळे होते. पुण्यात वीजकेंद्र नाही. पण बांधकामे, उद्याने, कारखाने आणि आयटी पार्कमधील वातानुकूलन यंत्रणा यांना पिण्याच्या पाण्याची गरज नाही.

समाविष्ट गावांचे काय?

जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता परिसरात गुलियन बॅरे सिंड्रोमचे रुग्ण वाढू लागले. नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी, खडकवासला हा भाग त्याच्या केंद्रस्थानी होता. संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या पुढे गेली, काहींचा मृत्यू झाला. या पट्ट्यातील गावांना विहिरीतून, केवळ क्लोरिन मिसळलेले पाणी दिले जात होते. जलशुद्धीकरण केंद्र नव्हते. धरणाच्या अगदी पायथ्याची ही गावे आहेत.

गावे महापालिकेत आली तेव्हा मिळकत कर आला, बांधकाम परवाने आले. पाण्याचे जाळे मागून येणार होते. दरम्यान नव्या इमारतींना परवानगी देताना, महापालिकेचे पाणी येईपर्यंत पाणी आम्ही पुरवू, असे हमीपत्र विकासकाकडून घेतले जाते. ताबा दिल्यावर विकासक निघून जातो आणि हमीपत्र सोसायटीच्या गळ्यात पडते. मग बोअरवेल खोदल्या जातात. पुण्याखालचा खडक बेसॉल्टचा आहे, तो फक्त भेगांमध्ये पाणी धरतो. शेजारी शेजारी दहा बोअर घेतले की सगळे मिळून तीच भेग उपसतात.

मग आधी काय व्हायला हवे?

क्रम महत्त्वाचा आहे. पहिले काम मोजणीचे : जे विभाग पूर्ण झाले आहेत, तिथे टाकीतून निघालेले आणि मीटरवर नोंदलेले पाणी दर महिन्याला जाहीर करणे. त्याला नवा निधी लागत नाही. दुसरे, त्याच विभागांत वापरावर आधारित बिल, गरजेपुरत्या पाण्याला आजच्याइतकाच दर ठेवून. तिसरे, समाविष्ट गावांना शुद्धीकरण केंद्र आणि मुख्य वाहिनी मिळेपर्यंत तिथल्या नव्या बांधकाम परवानग्या पाण्याच्या उपलब्धतेशी बांधणे. हमीपत्र म्हणजे पाणी नव्हे. चौथे, सांडपाणी केंद्रांतून किती आणि कोणत्या दर्जाचे पाणी कालव्यात गेले, याची नोंद शेतकऱ्यांना पाहता येईल अशी ठेवणे.

नव्या स्रोताची गरज कधीच लागणार नाही, असा याचा अर्थ नाही. शहर वाढतच राहिले तर लागेल. पण आज आणलेले प्रत्येक नवे टीएमसी याच जाळ्यात सोडले जाणार आहे. त्यातले चाळीस टक्के पुन्हा हिशेबाबाहेर जाणार असतील, तर मुळशीतून पाच टीएमसी आणून शहराच्या नळाला तीनच मिळतील. आणि ते तीनही आधी जिथे दाब आहे तिथेच पोहोचतील. वाघोलीच्या फाटकाशी टँकर तेव्हाही उभा असेल.